आतला खिसा

बाहेरचा खिसा पहिल्याच दिवशी बाद झाला. फोन, मास्क, सॅनिटायझर, किल्ल्या. माणसाचा हात त्यात सारखा जातो. श्रीकांतरावांनी पिस्तूल काढून कोटाच्या आत, अस्तराच्या खिशात सरकवलं आणि आरशासमोर उभे राहिले. बाहेरून काही दिसत नव्हतं.

अठ्ठावीस वर्षं पिंपरीच्या कारखान्यात माल तपासण्यात गेली होती. हाताने पाहिल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, ही खोड निवृत्तीनंतर परदेशात, अ‍ॅमस्टेलव्हीनला मुलीकडे राहायला येऊनही गेली नव्हती. पिस्तूल तळहाताएवढं, चपटं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तीनशे साठ ग्रॅम भरलं. आतून दोन गोळ्या निघाल्या, त्या त्यांनी डाळीच्या डब्यात तळाशी ठेवल्या. घोडा ओढून बघण्याच्या फंदात मात्र ते पडले नाहीत. हाताळताना निळे हातमोजे घालत. करोनाच्या दिवसांत त्याचं कुणाला नवल नव्हतं.

दिवाळीच्या सुमारास प्रांजलीने, त्यांच्या मुलीने, मास्क शिवायला जुन्या सामानाच्या दुकानातून शिलाई मशिन आणलं होतं. गेल्या आठवड्यात त्याचा ड्रॉवर अडकला म्हणून श्रीकांतरावांनी तो उपसला, तर मागे फडक्यात गुंडाळलेलं हे निघालं. इथे असं काही सापडलं की पोलिसांना कळवायचं असतं. बाळगताना सापडला तर माणूस थेट आत जातो. श्रीकांतरावांना हे चांगलं ठाऊक होतं. त्यांनी कळवलं नाही.

"आजोबा, इट्स टू बिग फॉर यू!" सात वर्षांची ऋजुता दारातून हसली.

"थंडी आहे ना, बाळा."

कोट खरंच दोन मापं मोठा होता. गडद निळा, वापरलेला. अगदी असाच हवा म्हणून त्यांनी ऑनलाइन चार दिवस शोधला होता.

रविवारी अनिमेष ऋजुताला न्यायला येणार होता. प्रांजलीचा नवरा, वर्षभर जवळच्या हार्लेम गावात वेगळा राहत होता. शिफोल विमानतळावरून मायदेशी जाणारी साडेतीनची फ्लाइट. कागदावर लिहिलं होतं, आजारी आजीला भेटायला, दोन आठवडे. संमतीच्या फॉर्मवर प्रांजलीची सही होती. ती त्याने कशी घेतली, ते तिच्या मनगटावर अजून दिसत होतं. "परत आणणार नाही, काय करायचं ते कर," हेही त्याने फोनवर सांगून टाकलं होतं. वकीलबाई म्हणाल्या, सही तुमचीच आहे, कोर्टाच्या तारखा करोनामुळे पुढे गेल्यात, बघते. त्या 'बघते'चा श्रीकांतरावांना इतका संताप आला की ताटावरून उठून गेले.

शुक्रवारी ते कोट घालून तीन तास फिरले. अ‍ॅमस्टेलव्हीनच्या ट्रॅममध्ये बसले, उतरले, बाकावर टेकले, वाकून बुटाची नाडी बांधली. पहिला तासभर छातीशी काहीतरी लागत होतं. कागदी नॅपकिनात गुंडाळल्यावर तेही जाणवेनासं झालं. घरी येऊन दाराजवळच्या खुंट्यांसमोर उभे राहिले आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत पिस्तूल खिशातून काढायचा सराव केला. नऊ सेकंद. फार झाले. संध्याकाळपर्यंत चारवर आले.

"बाबा, काय आहे ते?"

प्रांजली मागे उभी होती. तिने हात पुढे केला.

"हात लावू नकोस!" ते एवढ्या जोरात ओरडले की ती दचकली.

मग तिला ते काय आहे हे कळलं आणि ती भिंतीला टेकली. "वेड लागलंय का तुम्हाला? जन्मभर तुरुंगात जाल."

"मी नाही जाणार."

"आणि ऋजुता? तिच्यासमोर?"

"तिच्यासमोर काही होणार नाही. तो आला की तिला घेऊन तू स्वयंपाकघरात थांब. बाकी काही करायचं नाही."

प्रांजली ऋजुताच्या खोलीत निघून गेली.

रविवारी बारा वाजता बेल वाजली. श्रीकांतराव कोट आणि हातमोजे घालूनच दार उघडायला गेले.

"कुठे निघालात?" अनिमेषने विचारलं. तोंडावर दोन मास्क.

"टॅक्सीपर्यंत येतो. बॅग जड आहे."

अनिमेषला करोनाची जबर धास्ती. नेहमीसारखा त्याने आपला गडद निळा कोट खुंटीला अडकवला, कशाला हात न लावता कोपराने बाथरूमचं दार ढकललं आणि नळ सोडला.

स्वयंपाकघरात प्रांजलीने ऋजुताचे दोन्ही कान आपल्या हातांनी झाकले. नळ वाहत होता. बाबांना थांबवावं असं वाटत होतं, आणि थांबवू नये असंही. नळ बंद झाला. दार उघडलं. आता.

"चला, उशीर होतोय," अनिमेषचा आवाज आला.

तिने डोकावून पाहिलं. बाबा जावयाचा कोट दोन्ही हातांनी धरून उभे होते, त्याला बाह्या घालता याव्यात म्हणून.

"उशिरा का होईना, शहाणपण आलं म्हणायचं," अनिमेष कोट चढवत म्हणाला.

ऋजुताने आईच्या गळ्यात हात टाकले. "ओन्ली टू वीक्स, आई. डोन्ट क्राय." मग ती बॅगेमागे धावली. श्रीकांतरावांनी सामान टॅक्सीत ठेवलं, नातीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि टॅक्सी वळेपर्यंत रस्त्यावर उभे राहिले.

ते वर आले तेव्हा प्रांजली जमिनीवर बसली होती.

"नेली त्याने," ती म्हणाली. "एवढं सगळं केलंत, आणि ऐन वेळी त्याला कोट घालून दिलात. तुमचा भरवसा धरला मी, बाबा."

श्रीकांतरावांनी अंगातला कोट काढून खुंटीला लावला. हातमोजे कचऱ्यात टाकले, साबण लावून हात धुतले. प्रांजली उठली आणि तिने रागाने त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. खिसा रिकामा होता. तिने दुसरा पाहिला. तोही.

"बाबा, कुठे आहे ते?"

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"फोन जवळ ठेव, ऋजुताला आणायला जावं लागेल," ते म्हणाले. "शिफोलला अंगातला कोट काढून तपासणीच्या ट्रेमध्ये ठेवावा लागतो."