निसटलेला साप

दादा सर्पमित्र होता. टेकडीवर पकडलेला साप पिशवीत घालतानाच त्याला चावला, तरी त्यानं आधी पिशवीचं तोंड घट्ट बांधलं आणि मग बहिणीला फोन लावला. दवाखान्यात विषावरची इंजेक्शनं देऊनही उतार पडेना.

बहीण प्रयोगशाळेत सापांच्या डीएनएवर काम करायची. तिनं ती पिशवी तिथं नेली, साप काचेच्या पेटीत सोडला आणि त्याचा खवला तपासला. दिसायला हुबेहूब नेहमीचा विषारी साप, पण डीएनएच्या खुणा साफ वेगळ्या. ही जात आजवर कुणाला ठाऊकच नव्हती, मग तिच्या विषावर औषध कुठून असणार? ते बनवायचं, तर अशा जिवंत सापाचंच विष हवं.

संध्याकाळी दादा गेला.

दुसऱ्या दिवशी वहिनी काठी घेऊन प्रयोगशाळेत आली. खाली रस्त्यावर सगळी गल्ली गोळा झाली होती.

"हाच ना तो?" काचेच्या पेटीकडे बघत तिनं विचारलं.

नणंद पेटीच्या आणि काठीच्या मध्ये आली. "नाही गं वहिनी. हा आधीच पिशवीत होता. चावला तो निसटला. दादाची शपथ!"

वहिनीनं काठी खाली केली. नणंदेच्या जिवात जीव आला.

वहिनी खिडकीशी गेली आणि खाली वाकून ओरडली, "हा नाही रे तो! तो अजून टेकडीवरच आहे. पेटवून द्या सगळी टेकडी!"