छतातली कडी

बेल वाजली तेव्हा मी लेकीची झोळी कपाटात कोंबत होते. घरमालकीण देवस्थळीकाकू भाडेकरार वाढवून देण्याआधी घर बघायला आल्या होत्या. करारातली पहिलीच अट होती, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. आणि आम्ही तर झोळी टांगायला छतात चांगली जाडजूड कडी बसवली होती. ती काढायला वेळच मिळाला नाही.

काकूंनी ओटा पाहिला, नळ सोडून पाहिला. मी त्यांच्या मागे मागे. झोळीवाचून न झोपणारी लेक माझ्या खांद्यावर रडून लाल झाली होती. करार वाढला नाही तर एवढ्याशा जिवाला घेऊन जायचं कुठे?

खोलीच्या मधोमध काकू थांबल्या. त्यांनी मान वर केली.

"हे काय गं?"

"चुकलं, काकू. आजच काढून टाकतो. करारात आहे, माहितीये..."

"करारात भिंत म्हटलंय. हे छत आहे." आवाज तसाच करडा. "करार वाढवू उद्या. आधी पोरीला झोळी लाव. मघापासून टोक कपाटाबाहेर लोंबतंय."