शेजारीण म्हणून

पाद्री टोंकिन जर लव्हडे पास्कोच्या फाटकात वळले, तर हेस्टर ट्रेवीनचा मुलगा जिवंत राहणार होता. बोलिथोबाईंच्या फाटकात वळले, तरीही. ऑस्ट्रेलियातल्या मूंट्याच्या तांब्याच्या खाणीमागच्या त्या गल्लीत मुलगा फ्रान्सच्या आघाडीवर असलेली घरं तीन. म्हणजे तीनात दोन वेळा फायदा हेस्टरचा.

हा हिशेब तिने खिडकीशी बसून केला, टाक हातात तसाच धरून. युद्धाला तीन वर्षं झाली होती आणि मरणाची तार आता टपालवाला आणत नसे. पोस्टमास्तर ती पाद्र्यांच्या हातात देत आणि पाद्री ती घेऊन दारात येत. भर दुपारी, उकाड्यात, काळा कोट घालून पाद्री पोस्टाकडून चालत आले, की गल्लीतल्या बायकांना दुसरं काही सांगावं लागत नसे.

समोर मुलाला, विल्फला, लिहायला घेतलेलं पत्र होतं. "बकरीने पुन्हा लव्हडेचा परकर दोरीवरून ओढून खाल्ला. सक्तीच्या भरतीवर डिसेंबरात परत मतदान आहे. पाद्री म्हणतात, हो म्हणा. लव्हडे म्हणते, पाय मोडले तरी रांगत जाईन आणि नको म्हणून येईन. दोघं चॅपलच्या पायरीवर भांडले. मी काय म्हणणार ते तुला सांगत नाही, तू हसशील. पाद्र्यांचा वेस्ली तुमच्याच पलटणीत ना? सहा आठवडे पत्र नाही त्याचं. भेटला तर माझ्या नावाने एक धपाटा घाल."

विल्फचं पत्र तिला सोमवारीच आलं होतं. त्यात तो ठणठणीत होता. पण ते सप्टेंबरात निघालेलं. बोटीला दोन महिने लागले होते. तारेला एवढे लागत नाहीत.

लव्हडे अंगणात कपडे वाळत घालत होती. पाद्री जवळ आले तशी ती दोरीला धरून उभी राहिली. त्यांनी टोपी उचलली आणि पुढे गेले. लव्हडेने तोंडातला चिमटा काढला आणि एकटीच हसली. मग तिला हेस्टरची खिडकी दिसली. तिने घाईघाईने चादरीआड तोंड लपवलं.

आता दोनात एक.

हेस्टरने मान खाली घातली आणि लिहीत राहिली. टाकीतलं पाणी, कोंबड्या, काहीही. शेवटचं 'तुझी आई' तेवढं लिहायचं नाही, असं तिने ठरवलं. पत्र पुरं होत नाही तोवर ते कोणाला तरी लिहिलेलं राहतं.

तिचंच फाटक वाजलं.

अजून एक आशा उरली होती. मुलगा गेलेल्या आईकडे पाद्री शक्यतो एकटे जात नसत. आधी शेजारणीला सोबत घेत. कोणाकडे जायचं ते तिला वाटेत सांगत. शेजारणीने चहा ठेवायचा, आईला दाराकडे पाठ करून बसवायचं आणि मग पाद्र्यांनी पाकीट द्यायचं. हेस्टर दोनदा अशी गेली होती. तिने दार वीतभर उघडलं आणि तिथूनच विचारलं,

"आई म्हणून बोलवायला आलात, की शेजारीण म्हणून?"

पाद्र्यांचे ओठ सुकले होते. "शेजारीण म्हणून, हेस्टरबाई. याल ना?"

तिला इतकं हलकं वाटलं, की तिच्या तोंडून 'उपकार झाले' निघता निघता राहिलं. तिने हॅट घातली. कालचा केशर घातलेला केक होता. सोबत न्यायला त्यातला चतकोर कापला, मग लाज वाटून अर्धा घेतला. बिचाऱ्या बोलिथोबाई, असं ती मनात म्हणाली, आणि ते तिने अगदी मनापासून म्हटलं. दुसऱ्यासाठी रडायला त्या दिवशी तिला काहीच जड जाणार नव्हतं.

बोलिथोबाई दारातच उभ्या होत्या. हातांना पीठ.

"आत नका येऊ," त्या म्हणाल्या. "पाया पडते, आत नका येऊ."

पाद्र्यांनी टोपी उचलली आणि ते चालत राहिले. हेस्टर दोन पावलं गेली आणि थबकली.

"पाद्रीसाहेब, घर मागे राहिलं."

"नाही राहिलं."

पुढे फक्त चॅपल होतं, आणि त्याला लागून पाद्र्यांचं घर. बायको गेल्यापासून ते तिथे एकटेच राहत. किल्ली त्यांना कुलपात घालता येईना. हेस्टरने ती हातातून घेतली आणि दार उघडलं. ते आत जाऊन खुर्चीवर बसले, दाराकडे पाठ करून. कोटातून पाकीट काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. ते अजून बंद होतं.

"नाव माझंच आहे," ते म्हणाले. "एकट्याने उघडू नये, असं सगळ्यांना मीच सांगत आलो."

हेस्टरने केक टेबलावर ठेवला आणि किटली चुलीवर चढवली. त्या दुपारी गल्लीतल्या तिन्ही घरांचं काहीच गेलं नाही. चौथं घर कोणी मोजलंच नव्हतं.