गुरुवारच्या टोपल्या

लुला दोन वर्षं दर गुरुवारी अमेरिकेतल्या चेरोकी जमातीच्या संग्रहालयात टोपल्या विणायला जायची. निदान घरी तरी तसं सांगायची. पण टोपल्यांना देतात त्या अक्रोडाच्या मुळांच्या रंगाने तिचे हात कधी काळे झाले नव्हते, हे तिच्या नवऱ्याच्या, एनॉसच्या ध्यानात आलं ती वारल्यावर. मग एका गुरुवारी तो तिथे जाऊन थडकला.

काउंटरवरचा डेल्बर्ट त्याला पाहून हसला. "तुम्हीच एनॉसकाका ना? घेवडा घातलेली भाकरी तुम्हाला कोमटच लागते. आणि डाव्या कुशीवर वळलात की घोरता!"

एनॉसच्या मुठी आवळल्या. "माझी बायको तुझ्याकडे काय करायची रे?"

"बोलायच्या. आपल्या चेरोकी भाषेत. आम्ही रेकॉर्ड करून घ्यायचो, आता बोलणारे उरलेत किती? म्हटलं, काकू, जुन्या गोष्टी सांगा. पण गाडी घसरायची तुमच्यावरच. तुम्ही चिडाल म्हणून घरी टोपल्यांचं नाव सांगायच्या. चाळीस तासांचं बोलणं आहे, त्यातले अडतीस तास तुमच्या तक्रारी."

"थापा मारू नकोस."

डेल्बर्टने शेजारचं दार उघडलं. आत शाळेची पंधरा-वीस पोरं भाषेचा धडा म्हणत बसली होती. थेट लुलाच्या ठसक्यात ती एका सुरात ओरडली, "चिखलाचे बूट घेऊन आत आलास तर बघ, एनॉस!"

एनॉस मागे फिरला आणि दारातल्या पायपुसण्यावर कितीतरी वेळ बूट घासत राहिला.