२०२९ चं झबलं

पाच वाजून दोन मिनिटांनी फोन वाजला आणि एल्डन थॅचरने तो पहिल्याच घंटीला उचलला. प्रवेशाचा निकाल पाचला लागणार होता.

"आजोबा, नाही झालं," फिबी म्हणाली.

म्हातारा नातीसाठी रंगवलेल्या खोलीतच बसला होता. बायको मार्जरी गेल्यापासून या घरात बोलायला माणूस नव्हतं. कॉलेज कोपऱ्यावरच. नात चार वर्षं इथे राहील, सकाळी पॅनकेक खायला समोर कोणी असेल, या एका आशेवर त्याने भिंतींचा रंग तीनदा बदलला होता. भिंतीवर चौकटीत एक झबलं होतं. कॉलेजात शिकलेल्यांच्या घरी मूल जन्मलं की कॉलेजकडून झबलं येई, वर त्या मुलाच्या भावी पदवीचं साल छापलेलं. बाळाला दात नसत, पण पदवीचं साल ठरलेलं असे. फिबीचं होतं २०२९.

"बाबा नुसते भडकलेत," ती सांगत होती. "म्हणतात, चार पिढ्या तिथे शिकल्या, वाचनालयाला आपलं नाव आहे, आणि यंदाच यांना प्रवेश देताना घराणं बघायचं नाही! विश्वस्तांच्या बैठकीत एका मताच्या फरकाने ठरलं म्हणे. तुम्ही सोडून बाकी विश्वस्तांतला तो एक शहाणा कोण, ते शोधणारेत."

"कशाला शोधतोय? मीच तो."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"मी अर्ज करणार हे माहीत असून?"

"हात वर करताना तूच डोळ्यांपुढे होतीस. माझ्या नावावर शिरली असतीस तर आपली लायकी होती का, हा किडा जन्मभर मनात वळवळला असता, पोरी. मी वडिलांच्या नावावर शिरलो, माझ्या मनात साठ वर्षं वळवळतोय."

"मला विचारायचं तरी होतं, आजोबा. मला चालला असता तो किडा."

मग ती प्रवेश मिळालेल्या ओरेगॉनच्या कॉलेजाबद्दल बोलली. लांब आहे, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीलाही येणं जमेलसं वाटत नाही, म्हणाली. फोन ठेवताना रडत होती.

एल्डनला फार एकटं वाटलं. आपण केलं ते बरोबरच होतं, याचा काडीचाही आधार वाटेना. त्याने वही ओढली आणि विश्वस्तांच्या पुढच्या बैठकीसाठी विषय लिहिला: नवजात बाळांना झबली पाठवणं बंद करावं.

लिहिलेलं वाचलं. मग ती ओळ सावकाश खोडली.

"एवढं राहू दे," तो खोलीला म्हणाला.