शेवटच्या खुंटीवरचं जॅकेट

बोटीने शहराचा धक्का सोडला, तसा खलाशी खुंट्यांवरची लाइफ जॅकेटं एकेक करून चाचपू लागला. शेवटच्यावर हात ठेवून तो हसला.

"महिनाभर हे रोज सकाळी ओलंचिंब सापडायचं. पाण्यात कुणी उतरलेलं नसताना. आज ठणठणीत कोरडं आहे. सुटलो बघा."

तेच त्याने मला घालायला दिलं.

समुद्र अगदी शांत होता. अर्ध्या तासात ताईचं गाव आलं, अंगावर एक थेंब उडाला नाही. उतरताना खलाशाने जॅकेट परत घेऊन पुन्हा चाचपलं. कोरडंच होतं. त्याच्या जिवात जीव आला.

धक्क्यावर ताईने मला मिठी मारली आणि लगेच मागे सरकली.

"अरे, एवढा भिजलास कुठे?"

माझ्या शर्टातून पाणी ठिबकत होतं. मागे बोटीवर खलाशी मजेत शीळ घालत होता.