दोन बक्षिसं

सुभद्रानं स्टीलच्या पातेल्याकडे पाहिलंही नाही. तिनं शेजारचा जड खोका उचलला.

मंडपात कुजबुज सुरू झाली. बुद्ध जयंतीच्या बुद्धिबळ स्पर्धेत दोनच बक्षिसं असत. पहिल्या नंबरानं टेबलावरून हवं ते घ्यायचं, उरेल ते दुसऱ्याचं, असा वाचनालयाचा नियम होता. यंदा प्रथमच एका बाईनं स्पर्धा जिंकली होती, आणि सकाळच्या शेवटच्या डावात हरले होते ते वाचनालयाचे सचिव बाबाराव.

“वहिनी, तो पटावरचा खेळ आहे,” बाबाराव माइकवर हात ठेवून हळूच म्हणाले. “मुंबईवरून मागवला. शेती करा, विहिरी खोदा, घरं बांधा, गावाले धान्य पुरवा. लई किचकट. एका डावाले तीन घंटे लागते.”

“वाचलं मी झाकणावर.”

“मंग घरी स्वयंपाक कोण करन?”

“जो हरन तो.”

पुरुषांच्या बाजूला हशा पिकला. तिचा नवरा विश्वनाथ मान खाली घालून हसत होता. बायकांमधून सासू रंभाबाईंचा आवाज आला, “पातेलं घे वं. दहा माणसाचा भात शिजन त्यात.”

“भात आताही शिजते, आत्याबाई.” सुभद्रानं खोका पोटाशी धरला. “याच्यात फासे नाहीत. कोणत्या वावरात काय पेरायचं, पहिले विहीर का पहिले घर, सारं आपणच ठरवायचं. चुकलं तर आपलं चुकलं. मले असाच खेळ पाहिजे.”

बाबारावांनी पातेलं उचलून तिच्यासमोर फिरवलं. काठाखाली बारीक ठिपक्यांनी कोरलेलं होतं: सौ. सुभद्रा मेश्राम, प्रथम क्रमांक.

“दुपारीच इतवारी बाजारात जाऊन नाव टाकून आणलं तुमचं. आता ते निघत नाही.”

“काहून टाकलं? निवडायचं मले होतं ना?”

“आता बाईमाणूस म्हटल्यावर पातेलंच घेईल, असं वाटलं आम्हाले.”

“अन् हा खोका?”

बाबाराव पातेल्याचा काठ पुसू लागले. पहिल्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, “त्याचे नियम तर पाठ करून बसले भाऊ आठ दिवसांपासून.” पुन्हा हशा झाला.

“वहिनी, समजून घ्या. ठेवा तो खाली.”

सुभद्रानं माइककडे बोट दाखवलं. “नियम बदलला असन, तर तिथून सांगा. साऱ्यायले ऐकू येईल असं. मंग ठेवतो मी खाली.”

बाबाराव माइकजवळच उभे होते. त्यांनी माइक बंद केला आणि फोटोग्राफरला हात करून बोलावलं.

फोटोग्राफरनं दोघांना शेजारी उभं केलं. सुभद्रानं खोका सरळ धरला. बाबारावांनी पातेलं दोन्ही हातांनी पोटापाशी धरलं. फोटोग्राफरनं कॅमेरा डोळ्याला लावला, पुन्हा खाली घेतला.

“भाऊ, अंगठा जरा बाजूले घ्या,” तो म्हणाला. “नाव दिसून नाही राहिलं.”